सुळा थोडा वर, सुळा थोडा खाली

काकू : …आणि आकड्यातलं साल मला विचारू नकोस. ते मशीन आपल्याकडे आलं ते तुझ्या बापानं कवळी गिळली त्या वर्षी. आधी कवळी गेली, मग मशीन आलं. झालं समाधान?

पुतण्या : नाही झालं. तोंडाचा ठसा घ्यायचं ते मशीन काकांनी कोणत्या साली घेतलं, एवढं साधं विचारतोय मी.

काकू : मग साधंच सांगितलं की.

हेडमास्तर : वहिनींचं बरोबर आहे, चिरंजीव. मला लख्ख आठवतं. तुमच्या वडिलांची दोन दातांची कवळी जेवताना नाहीशी झाली आणि आपण ती गिळली, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. डॉक्टरांनी पोटाचे फोटो काढले. फोटोत काही दिसेना, तर तुमचे वडील म्हणाले, ती आतड्याच्या वळणामागे उभी राहते, फोटो काढताना बरोबर आड होते. सबंध घर रोज सकाळी त्यांच्या पोटाची चौकशी करत असे.

पुतण्या : सर, तुमचे दात काकूच्या हातात आहेत तोवर बोलू नका. काय बोलता ते कळतं, पण थुंकी थेट की-बोर्डावर येते.

हेडमास्तर : मी जन्मभर हेडमास्तर होतो. बोलणं ही माझी नोकरी, दात हे निव्वळ साधन. वहिनी, तडा बुजला का?

काकू : बुजलाय, घासायचा राहिलाय. कवळीनं पेनाचं टोपण उघडायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

हेडमास्तर : हात दुसऱ्या कामात होते.

पुतण्या : काकू, विषय बदलू नकोस. इकडे पडद्यावर बघ. आपल्याकडे एक फोल्डर असं आहे की जे मरत नाही.

काकू : मग देवाची कृपा म्हण. इतरांची मरतात.

पुतण्या : मरायलाच हवं ते. मीच तशी व्यवस्था केली आहे.

हेडमास्तर : कसली व्यवस्था? मलाही कळू द्या. मी गिऱ्हाईक आहे. माझंही तोंड तुमच्या त्या पेटीत आहे.

पुतण्या : सांगतो, पण हनुवटी पलीकडे करून ऐका. आपण दिवसभरात जेवढ्या तोंडांचे ठसे घेतो, तेवढ्या फाइली होतात. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना त्या सगळ्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर जाते. त्या दिवसाच्या तारखेचं एक फोल्डर. त्याला बॅकअप म्हणायचं. गिऱ्हाइकाच्या तोंडात कवळी नीट बसली की मूळ फाइल आपण काढून टाकतो. बॅकअप महिनाभर राहतो, कुणी कवळी पाडली, कुणाच्या कुत्र्यानं नेली तर असावा म्हणून. महिना उलटला की तोही नको. आता हे रोज हातानं करत बसलं तर दात कोरून पोट भरण्यातली गत. म्हणून या काळ्या खिडकीत मी एक कमांड लिहून ठेवली. दुपारी एकला आपण जेवायला उठलो की ती आपोआप चालते. महिन्याहून जुनी फाइल दिसली की उडव. फोल्डर रिकामं झालं की तेही उडव.

हेडमास्तर : म्हणजे तुम्ही इथे दोन घास खाता तेव्हा ती तिथे दातांचे जबडे खाते.

पुतण्या : असंच म्हणा. दीड वर्ष बिनतक्रार चाललंय.

काकू : बिनतक्रार म्हणे. पहिल्या दिवशी काय झालं ते सांग ना सरांना.

पुतण्या : ते जुनं झालं.

काकू : जुनं झालं म्हणून ते उडत नाही. मी सांगते. हे गेल्यावर हा दुकानात आला. आल्या आल्या म्हणाला, काका सगळंच साठवून ठेवायचे, मी आता शिस्त लावतो. आणि त्या काळ्या खिडकीत काय ते लिहिलं, तेही मूळ आणि नक्कल दोन्ही डिस्कवर चालेल असं. महिन्याहून जुनी उडवायची, तर यानं अधिकच्या जागी उणे घातलं. झालं. जुनी तोंडं सगळी जागच्या जागी आणि महिन्याभरातली, ज्यांच्या कवळ्या करायच्या होत्या, ती सगळी साफ. एकदम एवढी माणसं बोळकी. हा भिंतीला टेकून उभा, जणू काही ते दात यानंच गिळलेत. शेवटी मी म्हटलं, मेण आण. गिऱ्हाइकांचे चेहरे आठवून आठवून मी एकेकाचे दात लावले.

हेडमास्तर : त्यातच मला क्लॅरिनेटवाल्याचे दात मिळाले.

काकू : तुमची दोघांची हनुवटी सारखी आहे. मी काय करणार?

हेडमास्तर : मी तक्रार करत नाही, वहिनी. ही कवळी बसल्यापासून मला शीळ घालता येते. मी जन्मात कधी शीळ घातली नव्हती. शाळेत कुणी घातली तर मी त्याला वर्गाबाहेर उभा करत असे. आता सकाळी फिरायला गेलो की आपोआप वाजते. परवा एका मुलानं मला दम दिला.

पुतण्या : तुमची खरी कवळी त्या क्लॅरिनेटवाल्याकडे आहे. तो म्हणतो, वाजवताना मध्येच थांबून लोकांना दोन शब्द सांगावेसे वाटतात.

हेडमास्तर : सांगू द्या. समाजाला गरज आहे.

पुतण्या : बरं. तर त्या दिवसापासून मी एक धडा घेतला. कमांड बदलायची असली की आधी नुसती यादी बघायची, काय उडणार आहे ते, आणि पटलं तरच उडवायचं. आज तेच केलं. कारण जुनी कमांड मी आज बदलली.

काकू : बदलली? का बदलली? चांगली चालली होती.

पुतण्या : डिस्क भरली म्हणून. वकीलबाईंचा खालचा जबडा अर्धाच उतरला, आठवतंय ना? आपण तसाच करून दिला आणि त्या अर्ध्या जबड्यावर कोर्टात उभ्या राहिल्या.

काकू : जिंकल्या पण.

पुतण्या : जिंकल्या, कारण समोरच्याला त्यांचं म्हणणं कळलंच नाही, म्हणून उत्तर देता आलं नाही. ते नशीब झालं. आता जुनी कमांड बघायची ती फाइलीला शेवटचा हात कधी लागला ते. नवी तसं बघत नाही. नवी फोल्डरच्या नावावरची तारीख बघते. नावात जी तारीख, ती खरी. मग आत कुणी काहीही करो. आणि या नव्या कमांडची यादी काढली तर त्यात एकच नाव आलं. पहिल्या वर्षीचं, पहिल्या दिवसाचं फोल्डर. जे दीड वर्षापूर्वीच जायला हवं होतं.

काकू : राहिलं असेल एखादं कोपऱ्यात. केर काढताना माझ्याकडूनही राहतं.

पुतण्या : कमांडकडून राहत नाही. आत एकच फाइल आहे. आणि तिला शेवटचा हात लागलाय तो आज सकाळी आठ वाजता.

हेडमास्तर : आज? आणि फाइल एवढ्या जुन्या सालातली?

पुतण्या : मी दुकानात येतो दहाला. म्हणून विचारतोय साल. म्हणून विचारतोय मशीन कधी आलं, फोल्डरवरची तारीख तरी खरी का ते बघायला. काहीतरी आत शिरलंय. व्हायरस असेल. रोज आठला उठतो, एकाच जबड्यात जातो आणि परत झोपतो.

हेडमास्तर : व्हायरस एवढा नियमित नसतो. हे पिशाच्च असावं. नियमितपणा हा पिशाच्चांचा गुण आहे. माझ्या शाळेतला शिपाई गेल्यावरसुद्धा घंटा…

पुतण्या : सर, हनुवटी.

काकू : हे बघ ठोंब्या, असू दे ना एक फाइल. काय खायला मागते का ती तुझ्याकडे?

पुतण्या : प्रश्न खायचा नाही, शिस्तीचा आहे. एकाला सोडलं की सगळे जुने म्हणतील आम्हालाही ठेवा.

काकू : कोण म्हणेल? जबडे?

पुतण्या : जागा अडते, काकू.

काकू : केवढी अडते? सांग की. त्या एका जबड्यानं तुझी डिस्क भरली?

पुतण्या : एका जबड्यानं नाही, पण…

काकू : कशानं भरली ते मी सांगू? मला वाचता येतं आता. उशिरा आलं, पण येतं. त्या डिस्कवर एक फोल्डर आहे, त्याचं नाव आहे 'माझं लग्न'. त्याच्या खाली 'माझं लग्न नक्कल'. त्याच्या खाली 'माझं लग्न नक्कल शेवटची'. आणि त्याच्या खाली 'माझं लग्न खरंच शेवटची'. नाव वाचून तुझ्या बायकोला काय वाटेल ते सोड. त्यांच्यातलं एक तरी उडव.

पुतण्या : ते वेगळं आहे.

हेडमास्तर : कसं वेगळं आहे, चिरंजीव? मला समजावून घ्यायला आवडेल.

पुतण्या : त्यात… ती माझी आठवण आहे. आणि एका नकलेत आवाज नीट आहे, दुसरीत रंग नीट आहेत.

काकू : मग जबड्याच्या मालकाचं कुणी नाही, असं धरून चाललास तू.

पुतण्या : मालक कोण ते कुठे माहीत आहे? फाइलीचं नाव नुसतं 'चाचणी' आहे. सव्वाबारा वाजलेत. एकला कमांड आपली आपण चालेल, ते फोल्डर जाईल, पिशाच्चाचा पत्ताच उठेल. माझा वेळ का घालवायचा?

काकू : आज जरा लवकर जेवून घे.

पुतण्या : भूक नाही.

काकू : मग त्या मशीनची वायर काढ, मला मागची धूळ पुसायची आहे.

पुतण्या : तू सकाळीच पुसलीस. टेबल चकाकतंय.

काकू : पुन्हा बसली.

पुतण्या : काकू, तू दुकानात किती वाजता येतेस?

काकू : केर काढायला येते. केर काय आपोआप निघतो? त्याची कमांड लिहिलीस का तू?

पुतण्या : किती वाजता?

काकू : साडेसातला.

हेडमास्तर : वहिनी, माझे दात तुम्ही एकाच जागी घासताय. आरपार होतील.

काकू : मी उघडते ती फाइल. रोज. पुरे झालं आता, विचारत बसू नका दोघं.

पुतण्या : तू? का?

काकू : 'चाचणी' म्हणजे तुझे काका. मशीन आलं त्या दिवशी विकणाऱ्यानं विचारलं, पहिलं तोंड कुणाचं घेऊ? मी म्हटलं माझं नको, माझे चार पडलेत. मग हे बसले खुर्चीवर. तो म्हणाला, साहेब, दात दाखवा. ह्यांनी दाखवले नाहीत. तो म्हणाला, 'ई' म्हणा. मग 'ई' म्हणाले, तेही परीक्षेला बसल्यासारखे. त्याचा तो ठसा. हे गेल्यावर यांचा चष्मा तुझ्या बापानं नेला, घड्याळ तू नेलंस, हत्यारं दुकानाची. माझ्याकडे काय राहिलं? तो जबडा. आणि तू आल्या आल्या म्हणालास, जुनं सगळं आपोआप उडेल.

पुतण्या : मला सांगायचं होतंस.

काकू : तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, शिस्त. आताच म्हणालास. पण तुझ्याकडूनच मी युक्ती काढून घेतली. तो उणेचा घोटाळा झाला त्या संध्याकाळी तू रडकुंडीला आला होतास, तेव्हा मी सहज विचारलं, अरे, तुझ्या त्या कमांडला जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते कळतं कशावरून? तू म्हणालास, काकू, ज्याला रोज कुणीतरी हात लावतं ते तिच्या लेखी रोज नवं. मला ते पटलं. माणसांचंही तसंच असतं. मग रोज सकाळी केर काढून झाला की मी हात लावायला लागले.

पुतण्या : नुसतं उघडून बंद केलं तर तारीख बदलत नाही, काकू.

काकू : ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं. सेव्हचं बटण फिकट राहतं. काहीतरी हललं तरच ते काळं होतं. म्हणून मी एक सुळा थोडा वर सरकवायचे, मग थोडा खाली आणून जिथल्या तिथे ठेवायचे, की झालं. बटण काळं. सेव्ह. ह्यांना आणखी महिनाभर मरण नाही.

हेडमास्तर : मग महिन्यातून एकदा केलं तरी भागलं असतं की, वहिनी.

काकू : हो, भागलं असतं.

पुतण्या : रोज एकच सुळा?

काकू : एकावरच भार कशाला? सम तारखेला डावा, विषमला उजवा.

पुतण्या : आणि खाली आणताना तो अगदी जिथला तिथे येतो?

काकू : माझ्या हातांनी मी जन्मभर दात बसवले आहेत. केसाइतका फरक पडला तर पडला.

पुतण्या : केसाइतका. रोज. दीड वर्ष.

काकू : असा काय बघतोस? उघड ती फाइल. नुसतं बघायला उघड, पुसायला नाही.

(पडद्यावर जबडा उघडतो. तिघेही खुर्च्या ओढून जवळ येतात.)

हेडमास्तर : हे तर हसताहेत.

काकू : काहीतरीच काय. तुमचा चष्मा पुसा.

पुतण्या : नाही काकू, सर म्हणतात ते खरं आहे. तूच मला शिकवलंस ना? समोरची ओळ सरळ लावली की कवळी रागावलेली दिसते. बाजूचे दात जरा वर उचलले की हसरी दिसते. बघ, दोन्ही सुळे वर गेलेत. तू खाली आणताना रोज थोडे वरच राहत गेले. उजवा जरा जास्तच.

काकू : उजव्या हाताला महिनाअखेरीस एक तारीख जास्त येते. एकतीस तारीख विषम, लगेच पुढची एक तारीखही विषम.

हेडमास्तर : हे चेहऱ्यावर बसवलं तर माणूस जोरात हसतोय असं वाटेल. नुसतं हसत नाही, आवाज काढून हसतोय.

काकू : ते कधी हसले नाहीत. तुम्हाला दोघांनाही माहीत आहे. या दुकानाची रीतच होती ती. समोर बिनदाताचा माणूस बसलेला असताना आपण दात काढायचे नाहीत, त्याला वाटेल आपल्या बोळक्याला हसतात. हे पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं. दुकानात पाळता पाळता ती सवय घरी आली. लग्नात हसले नाहीत, पोरगी झाली तेव्हा हसले नाहीत. माझे पहिले चार दात पडले त्यानंतर तर प्रश्नच मिटला. मी गिऱ्हाइकांत जमा झाले.

पुतण्या : मला लहानपणी वाटायचं, काका माझ्यावर चिडलेत.

काकू : तुझ्यावर चिडले असतील तर त्याची कारणं वेगळी. पण हे मी काय करून ठेवलं? मी ह्यांना जपत होते की बिघडवत होते? ठोंब्या, पहिला आण. जसा होता तसा. बाकीच्या कुठल्या फोल्डरात असेल.

पुतण्या : नाही, काकू. मशीन आलं तेव्हा काकांनी तो चाचणीचा म्हणून दुसऱ्या दिवशी मूळ जागेवरून काढून टाकलेला दिसतोय. बॅकअप फक्त पहिल्या दिवसाचा. आणि त्याच्यावर तू रोज सेव्ह करत आलीस. असलाच एखादा कुठे तर तो माझ्या कमांडनं कधीच उडवला असेल.

काकू : म्हणजे खरे ते कुठेच नाहीत.

पुतण्या : मी सुळे खाली ओढून बघू? अंदाजानं सरळ करता येतील. काका दिसायचे तसे. तू सांग, मी थांबवतो.

काकू : कुठपर्यंत ओढशील? मलाही आता आठवत नाही नक्की कुठपर्यंत. रोज सकाळी हेच बघत आले. हळूहळू झालेलं कुठे दिसतं? मला वाटायचं ते तसेच आहेत आणि माझीच सकाळ बरी चालली आहे.

हेडमास्तर : वहिनी, मी एक सांगू का? मी त्यांना हसताना पाहिलं आहे.

काकू : तुम्ही?

हेडमास्तर : एकदाच. तुमच्या दिरांची कवळी सापडली त्या दिवशी. ते तिथे दारात उभे होते, बाहेर जायला निघाले म्हणून छत्री उघडली आणि छत्रीतून दोन दात त्यांच्या डोक्यावर पडले. वर्षभर ज्यासाठी पोटाचे फोटो काढले, ते दात छत्रीत. आणि तुमचे दीर छत्रीवर ओरडले, तू सांगितलं का नाहीस, म्हणून.

पुतण्या : बाबा अजून म्हणतात की ती दुसरी कवळी होती. गिळलेली अजून आतच आहे.

हेडमास्तर : तुम्ही दारात त्यांची समजूत घालत होतात, वहिनी. त्यांचा अपमान झाला होता. तुमचे मिस्टर उठून मागे गेले, पॉलिशच्या मशीनमागे. मी पाण्यासाठी मागे गेलो तर ते भिंतीला धरून उभे होते आणि हसत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं. मला बघून थांबतील असं वाटलं, पण त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझी कवळी तोंडात होती. मग पुन्हा हसायला लागले.

काकू : मी आवाज ऐकला होता. मला वाटलं खोकतात. मी इथून ओरडले, पाणी प्या म्हणून.

हेडमास्तर : ते ऐकून आणखी हसले.

काकू : कसे दिसत होते?

हेडमास्तर : असेच. उजवीकडून जरा जास्त.

काकू : चष्मा लावला होतात का तुम्ही?

हेडमास्तर : नाही. दात लावले होते.

काकू : सर, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय का?

हेडमास्तर : वहिनी, शाळेत असताना मी मुलांना खोटं बोलल्याबद्दल शिक्षा करत असे. पण या कवळीचं मी सांगू शकत नाही. ही क्लॅरिनेटवाल्याची आहे. तशीही ती या क्षणी तुमच्या हातात आहे, तेव्हा हे जे बोललो ते दातांशिवाय बोललो.

पुतण्या : काकू, एकला दहा मिनिटं आहेत. काय करायचं ते सांग. सरळ करू, की असेच ठेवू, की जाऊ देऊ?

काकू : जाऊ देऊ म्हणे. दातओठ खात एवढं शिकले मी ते जाऊ द्यायला? असेच राहू देत. पण तुझी ती नवी कमांड आता माझं ऐकणार नाही ना? हात लावला तरी.

पुतण्या : ऐकणार नाही. ती फक्त फोल्डरच्या नावातली तारीख बघते.

काकू : मग ते फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही?

पुतण्या : येतं. किंवा तिथेच ठेवून नाव बदललं तरी चालेल. नावात तारखेचा आकडा नसला की ती त्याच्याकडे बघतच नाही.

काकू : एवढंच?

पुतण्या : एवढंच.

काकू : थंडीवाऱ्यात साडेसातला येत होते मी. केर तर दहा वाजतासुद्धा निघाला असता. आणि एवढंच होतं?

पुतण्या : तू विचारलं नाहीस.

काकू : तू सांगितलं नाहीस. छत्री आणि तुझा बाप, सगळे एका माळेचे मणी. बरं, बदल नाव.

पुतण्या : काय लिहू? काकांचं नाव लिहू?

काकू : नुसतं नाव कशाला? उद्या मी नसले, तू नसलास, तर बघणाऱ्याला कळायला नको का? कोण ते कळायला हवं. कधी गेले तेही कळायला हवं.

पुतण्या : कधी गेले ते लिहायचं तर आकडा आला. आकडा आला की कमांड आली.

काकू : आकडा कुणी मागितलाय? मी सांगते तसं लिही. अक्षरांत. तुझ्या कमांडला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. सर, शुद्धलेखन तुमच्याकडे.

हेडमास्तर : सांगा, वहिनी. पण आधी माझी कवळी द्या. हे काम तोंड भरलेलं असताना करावं.

काकू : घ्या. उजव्या बाजूला दोन दिवस जपून चावा. आणि शीळ हळू घाला.

पुतण्या : एक सांगतो, काकू. नाव बदललं की उद्यापासून सुळा हलवायचा नाही. गरज नाही आता.

काकू : नाही हलवणार.

पुतण्या : नक्की?

काकू : डावीकडून जरा कमी वाटतो रे. एकदाच, केसाइतका.

पुतण्या : काकू.

काकू : बरं, नाही. लिही तू.

पुतण्या : लिहितोय… सांग हळूहळू… हं… पुढे… झालं. आणि हा एक वाजला. थांब, चालली बघ कमांड.

काकू : काय काय उडालं?

पुतण्या : काही नाही. यादी रिकामी आहे. म्हणते, जुनं काही सापडलं नाही.

काकू : शहाणी आहे. आता वाच बरं काय लिहिलंस ते. मोठ्यानं वाच, मला खात्री करायची आहे.

पुतण्या : 'दुकानाचे मालक, कवळ्या करणारे, वारले. भावाची कवळी छत्रीत सापडली त्या वर्षी, सापडल्यावर चार दिवसांनी, बुधवारी सकाळी.'